सुई न घेता शरीर कमवायचंय? मग आधी वर्षांचा हिशोब मांडा

दिवाळी उरकली की आपल्याकडच्या जिम भरतात, नव्या वर्षात आणखी भरतात आणि होळी येईपर्यंत बऱ्याचशा ओस पडतात. मध्येच सोडून जाणाऱ्यांत आळशी फार थोडे. बहुतेकांनी खरोखर घाम गाळलेला असतो. पण दोन महिन्यांत आरशात काय दिसायला हवं, याचा त्यांचा अंदाज चुकलेला असतो, कारण तो मोबाईलवरच्या रील बघून बांधलेला असतो.

"धीर धर" हे नव्या पोराला सगळेच सांगतात. किती दिवस धरायचा, कशाच्या भरवशावर धरायचा आणि कधी धीर बाजूला ठेवून काहीतरी बदलायचं, हे सांगणारा मात्र सापडत नाही. स्टेरॉइडची सुई न घेता शरीर कमवू बघणाऱ्यांसाठी ते इथे पायरी-पायरीने सांगतो. तुम्ही लातूर-नांदेडच्या एसी जिममध्ये जात असा नाहीतर तालुक्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हिशोब सारखाच.

१. सुरुवातीला एवढं गोळा करा

- एक जाड वही. ॲप चालतं, पण फोन हातात आला की दोन सेटमधली दोन मिनिटं दहा कधी होतात कळत नाही.
- शिंप्याकडची मोजपट्टी.
- वजनकाटा. घरी नसेल तर जिमचा वापरा, पण दर वेळी तोच. दोन काट्यांत किलो-दीड किलोचा फरक सहज निघतो.
- स्वयंपाकघरात ठेवायचा ग्रॅमचा छोटा काटा. पहिले दोन महिने लागतो, नंतर डोळ्यालाच अंदाज येतो.
- सव्वा किलोच्या दोन प्लेट, स्वतःच्या. का ते पायरी ४ मध्ये.
- प्रवेशासाठी आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. वय १८ च्या आत असेल तर आई किंवा वडिलांना एकदा सोबत न्या. फी भरली की पावती मागा, त्यावर तारीख बघा.
- रक्ताची तपासणी: हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखरेची एचबीए१सी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. मुलगा "ताकदच लागत नाही" म्हणत राहतो आणि कारण रिपोर्टमध्ये निघतं.

घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तुम्हाला बीपी असेल किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच लोखंडाला हात लावा.

२. किती वाढतं, ते आधी समजून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. पुढचा सगळा धीर हिच्यावरच उभा आहे.

पहिले सहा ते आठ आठवडे ताकद झपाट्याने वाढते. वीस किलोला हात थरथरायचे, तिथे तीस किलो उचलायला लागता. आरशात मात्र काहीच नाही. यात बिघडलेलं काही नसतं. या काळात मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूला नीट कामाला लावायला शिकत असतात. नवं मांस त्यानंतर, हळूहळू दिसू लागतं. नेमक्या याच टप्प्यावर सगळ्यात जास्त पोरं जिम सोडतात.

त्यानंतरचा ढोबळ अंदाज असा. नीट खाणारा, झोपणारा आणि नेमाने व्यायाम करणारा नवखा तरुण पहिल्या वर्षी साधारण ५ ते ८ किलो स्नायू मिळवू शकतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वर्षाला एखादा किलो मिळाला तरी खूप. मुलींना किलोच्या हिशोबात साधारण निम्मं धरा, पण मुळात जेवढा स्नायू आहे त्याच्या प्रमाणात बघितलं तर त्यांची वाढ मुलांइतकीच होते. "वजन उचललं तर पुरुषासारखी दिसशील" म्हणणाऱ्या मावशी-काकूंना एवढंच सांगा, की इतकं सोपं असतं तर मुलांनी सुया कशाला टोचून घेतल्या असत्या?

लोकांच्या डोळ्यात हे कसं भरतं? तीन-चार महिन्यांनी शर्ट खांद्यात घट्ट होतो, ते तुम्हालाच कळतं. वर्षभरात पाव्हणे विचारू लागतात. रोज बघणाऱ्या आईला सगळ्यात शेवटी दिसतं, आणि तिला दिसतं ते "वाळलास रे" असंच.

शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हे समजायला जड जाऊ नये. मूग आणि तूर एकाच पावसावर पेरतात. मूग साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो, तूर सहा महिने घेते, म्हणून तूर कुणी ऑगस्टमध्ये उपटून टाकत नाही.

वरची मर्यादाही कळलेली बरी. शरीरातली चरबी सोडून उरलेलं वजन किलोत घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. औषध न घेणाऱ्या पुरुषांत हा आकडा २५ च्या आसपास संपतो, आणि तिथवर पोचणारे अगदी विरळ. समजा उंची १७० सेंटीमीटर, वजन ७२ किलो, चरबी १२ टक्के. आकडा येतो २२. कपड्यात हा माणूस साधाच दिसेल, पण शर्ट काढला तर अख्खी जिम वळून बघेल. ९० किलोचं, चरबी नसलेलं, शिरा फुगलेलं शरीर याच उंचीवर दिसलं, तर त्यामागे फक्त अंडी नाहीत हे ओळखा.

नैसर्गिक शरीर दिसतं कसं, हे बघायचं असेल तर युजेन सँडोचे जुने फोटो शोधा. हा जर्मन पहिलवान १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला आणि १९२५ मध्ये वारला. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन तयार झालं ते १९३५ मध्ये. म्हणजे त्याच्या शरीरावर शंका घ्यायला जागाच नाही. त्या काळी जगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. आज तोच फोटो टाकला तर खाली "भाऊ, अजून मेहनत पाहिजे" अशी कॉमेंट येईल.

३. जिम आणि वेळापत्रक

जिम घराजवळची निवडा. सरळ पट्टी (बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेट लावायची लांब दांडी), स्क्वॉटचा (खांद्यावर पट्टी घेऊन बैठका मारायचा) स्टँड, बेंच आणि डंबेल एवढं असलं की पहिली तीन वर्षं निघतात. आरसे आणि गाणी किती, हे बघू नका.

पहिलं वर्ष आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पूर्ण शरीर. सोमवारी स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर झोपून पट्टी छातीवरून वर ढकलणं), बारबेल रो (पुढे वाकून पट्टी पोटाकडे ओढणं). बुधवारी रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून पट्टी मांडीलगत खाली-वर नेणं), शोल्डर प्रेस (पट्टी खांद्यावरून डोक्यावर ढकलणं), पुलअप किंवा लॅट पुलडाऊन (मशीनवर दांडी वरून छातीकडे ओढणं). शुक्रवारी पुन्हा सोमवारचं आणि पुढच्या सोमवारी बुधवारचं, असं आलटून-पालटून. प्रत्येकाचे तीन सेट. शेवटी दंडाचे आणि पोटाचे दोन-दोन सेट मारा, नाहीतर तुमचं मन भरणार नाही. मोठ्या व्यायामात सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा.

"एका दिवशी फक्त छाती, दुसऱ्या दिवशी फक्त दंड" ही पद्धत आपल्याकडे जिमच्या भिंतीवरच चिकटवलेली असते. नवख्याला तिचा फायदा कमी. शिवाय एक दिवस बुडाला की त्या स्नायूची पाळी थेट पुढच्या आठवड्यात.

जोर-बैठका येत असतील तर सोडू नका. तालमीतली सवय पाय आणि खांद्यांना कायम उपयोगी पडते. भरतीची तयारी करणाऱ्यांनी तीनचे दोन दिवस केले तरी चालेल. तुमचे मार्क १६०० मीटरच्या धावण्यात आहेत, छातीवर वीस किलो चढवून ते वाढणार नाहीत.

४. वजन वाढवायचं कसं

समजा बेंच प्रेस ४० किलोवर तीन सेट, प्रत्येकी ८ वेळा जमतंय. वजन तेच ठेवा. दर वेळी कुठल्या तरी सेटमध्ये एखादा रेप, म्हणजे एक वेळ, वाढवा. तिन्ही सेट १२ वर पोचले की वजन अडीच किलोने वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. वहीत तारीख, वजन, रेप लिहा. बस.

महिन्याला अडीच किलो म्हणजे काहीच नाही वाटतं. वर्षभर टिकलं तर ४० चे ७० होतात. आणि सत्तरवर नीट रेप मारणाऱ्याची छाती चाळीसवाल्यासारखी राहत नाही.

आता त्या सव्वा किलोच्या प्लेटचं. बऱ्याच छोट्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढले. स्क्वॉटला हे खपून जातं. शोल्डर प्रेस २५ किलोवर असताना एकदम ३० म्हणजे वीस टक्क्यांची उडी! तिथे रेप तुटतात, कंबर मागे वाकते, खांदा दुखावतो आणि माणूस म्हणतो, "आपली वाढ थांबली." स्वतःच्या दोन छोट्या प्लेट पिशवीत ठेवा. कुणी हसलं तर हसू द्या.

स्नायूपेक्षा स्नायुबंध हळू बळकट होतात, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे ताकद आहे असं वाटलं तरी कोपर आणि खांदा अजून मागेच असतात. शेजारच्याला दाखवायला चढवलेली प्लेट तीन महिने घरी बसवते.

५. खाणं: आपल्याच बाजारातलं

प्रोटीनचा हिशोब सोपा आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम. ६५ किलोच्या मुलाला १०४ ग्रॅम. प्रोटीन पावडरचे डबे विकणारे हा आकडा दुप्पट करून सांगतात. तेवढं लागत नाही.

मराठवाड्यात राहून हे भरून काढता येत नसेल तर कुठे येणार? तूर, हरभरा, सोयाबीन सगळं इथलंच. एका दिवसाचा नमुना बघा:

- ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी (पीठ १५० ग्रॅम): १५ ग्रॅम प्रोटीन
- तुरीचं वरण (कोरडी डाळ ६० ग्रॅम): १३
- सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ५० ग्रॅम: २६
- दूध अर्धा लिटर: १६
- फुटाणे ५० ग्रॅम: १०
- शेंगदाणे ४० ग्रॅम: १०
- दही एक मोठी वाटी, २०० ग्रॅम: ७
- दोन उकडलेली अंडी: १२

बेरीज १०९. अंडी खात नसाल तर वड्या थोड्या वाढवा, नाहीतर पनीर घ्या. मटण-चिकन रविवारी होतंच, तो बोनस.

लातूर, संभाजीनगर, नांदेडला क्लाससाठी रूम करून राहणाऱ्या मुलांची अडचण वेगळी आहे. मेसच्या डब्यात पोळ्या भरपूर, वरण पाण्यासारखं. मेसवाल्या काकांशी भांडून ते घट्ट होत नाही. रूमवर फुटाणे, शेंगदाणे, दूध आणि संध्याकाळी गाड्यावरची उकडलेली अंडी, एवढं स्वतःचं ठेवा. इलेक्ट्रिक किटलीत सोयावड्याही उकडतात.

पावडर घ्यायचीच असेल तर व्हे प्रोटीन हे दुधातून निघालेलं अन्नच आहे, औषध नव्हे. एका चमच्याला साधारण २४ ग्रॅम मिळतात. लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. सुट्टं, पिशवीत मोजून दिलेलं घेऊ नका, ते जिमच्या मालकाने दिलं तरी. मास गेनर म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीच्या मोठ्या डब्यात बहुतांशी पिठूळ साखरच असते, त्या पैशात महिन्याचे शेंगदाणे येतात. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पावडर मात्र कामाची आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला स्नायूत पाणी धरल्याने किलो-दोन किलो वजन वाढतं, त्याला मांस समजून नाचू नका. ते चालू असताना रक्त तपासलं तर क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा. तसंच जोरदार व्यायामानंतर एसजीओटी, एसजीपीटी हे आकडेही वर जातात. लिव्हरची तपासणी असेल तर आधी निदान आठवडाभर जिमला सुट्टी द्या, नाहीतर घरात उगीच घबराट.

६. मोजायचं कधी, बदलायचं कधी

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. रोजच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. आठवड्याची सरासरी काढा आणि तीच वहीत ठेवा. मोजपट्टी चार आठवड्यांनी एकदा: बेंबीवर कंबर, छाती, दंड, मांडी. फोटो तीन महिन्यांनी एकदा, त्याच भिंतीसमोर, त्याच वेळच्या उजेडात. जिममध्ये पंप असताना, म्हणजे व्यायामाने स्नायू तात्पुरते फुगलेले असताना काढलेला फोटो मोजणीत धरायचा नाही.

मग निर्णय असा घ्यायचा:

- बारीक असाल आणि चार आठवड्यांत सरासरी पाव किलोही वाढली नाही, तर खाणं कमी पडतंय. रोज मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाणे वाढवा. सव्वादोनशे कॅलरी झाल्या.
- महिन्यात कंबर दोन सेंटीमीटरच्या वर वाढली, तर तेवढंच कमी करा.
- वहीतले रेप तीन-चार आठवडे जागचे हलले नाहीत, तर आधी झोप बघा. सात तासांच्या खाली असेल तर दुसरं कारण शोधू नका. झोप आणि जेवण ठीक असेल तर एक आठवडा निम्मे सेट मारा, मग पुन्हा चढवा.
- बारा आठवड्यांच्या आत वेळापत्रक बदलायचं नाही. कुणी कितीही नवं सांगितलं तरी.

७. "एक कोर्स मार" म्हणणाऱ्याला काय सांगायचं

सहा-आठ महिन्यांनी कुणीतरी जवळ येतंच. कधी सीनियर, कधी ट्रेनर. "आरं, एवढं घासून काय व्हायलंय? एक कोर्स मार, दोन महिन्यात गडी वळखू यायचा न्हाईस." हा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो, म्हणूनच तो धोकादायक. स्टेरॉइडने शरीर खरंच फुगतं.

पुढचं तो सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. कोर्स थांबवल्यावर ते परत यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. छातीला गाठी येतात. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी यकृत बिघडतं. कोर्स संपला की फुगलेलं शरीर उतरतं, मन खचतं, आणि दुसरा कोर्स सुरू होतो.

दुसरी एक सुई आपल्याकडे जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावरही फिरते: मेफेंटरमाइन. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध. व्यायामाआधी टोचलं की अंगात वारं भरल्यासारखं होतं, कारण हृदय विनाकारण पळायला लागतं. सवय लागते ती वेगळीच. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे, आणि राज्यात त्यावरून धाडी पडत असतात.

वाद घालत बसू नका. "घरून परवानगी नाही" एवढं पुरतं. ट्रेनरच विकत असेल तर जिम बदला. आधीच घेतलं असेल तर लपवू नका, मनाने थांबवूही नका. हार्मोन्सच्या डॉक्टरकडे जा आणि औषधाचं नाव, डोस, किती आठवडे ते खरं सांगा.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांना आधी विचारा की डोप टेस्ट होते का. होत नसेल तर अनुभवासाठी उभे राहा, पण निकाल बघून स्वतःच्या तीन वर्षांची किंमत करू नका.

८. आपल्याकडचं वर्ष धरून आखणी

शहरातले व्हिडिओ बावन्न आठवडे सारखेच धरतात. आपल्याकडे तसं नसतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याचं शेड दुपारी भट्टी होतं. सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतरच जा. मीठ घातलेलं ताक प्या. भूक मरते, वजन थोडं उतरतं. या दोन महिन्यांत आहे ते टिकवलं तरी पुरे.

शेताला रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात पाणी द्यायला रानात जावंच लागतं. रात्रभर दारं धरून सकाळी डेडलिफ्ट मारायला जाऊ नका. दुपारी झोपा आणि त्या आठवड्यात दोनच दिवस, निम्मे सेट. ऑक्टोबरातली सोयाबीनची काढणी आणि फेब्रुवारी-मार्चमधली ज्वारीची, तेव्हाही हेच. काढणी करून वर जिममध्ये पूर्ण सेट मारणारा बहाद्दर मी बघितलाय, आठवड्यात तापाने पडतो.

नवरात्रात नऊ दिवसांचे उपास घरोघरी असतात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा वाढवा, वजनं तशीच ठेवा आणि सेट कमी करा. रमजानमध्ये इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहच्या नमाजनंतर व्यायाम जमतो. सहेरीला दूध-अंडी-दही पोटभर घ्या.

लग्नसराई, परीक्षा, आजारपण, काहीही असो. दोन-तीन आठवडे खंड पडला तरी ताकद फारशी जात नाही. दंड बारीक दिसतो तो बराचसा पाणी उतरल्यामुळे. महिन्या-दोन महिन्यांच्या खंडानंतरही पहिल्यांदा मिळवायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या कितीतरी आधी सगळं परत येतं, कारण एकदा वाढलेला स्नायू पुन्हा लवकर वाढतो. परतल्यावर वहीतल्या जुन्या वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून सुरू करा, दर वेळी थोडं चढवा. पहिल्याच दिवशी जुना आकडा लावायला गेलात तर पुढचे चार दिवस जिना उतरता येणार नाही, आणि घरचे म्हणतील तो जिमचा नाद सोड.